काउंट कमी आला : दोष रक्तातला की फवाऱ्याचा?

सेलूचा कापूसवाला

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचायलोय, लिहायची हिंमत आज केली.

वय ३४. परभणी जिल्हा, आठ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. लग्नाला सात वर्षं झाली, लेकरू नाही. या सात वर्षांत बायकोच्या नळ्यांची तपासणी दोनदा झाली, दुर्बीण एकदा, सोनोग्राफ्यांचा तर हिशोबच नाही. उपास, नवस, अंगारे वेगळेच. माझी तपासणी पहिल्यांदा झाली ती या मार्चात. तीही नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यांचे रिपोर्ट कुठायत?" म्हणून. आमच्याकडं तसला कागदच नव्हता.

एका मिलीलिटरला शुक्राणू ३८ लाख. पुढं सरकणारे १४ टक्के. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. मी बाहेर येऊन मोटारसायकलीवर बसलो आणि बराच वेळ किक मारलीच नाही.

घरात आता दोन पक्ष झालेत. आई म्हणते, आपल्या घराण्यात असं कुणालाच नाही, हे औषध मारून मारून झालं. वडील म्हणतात, औषध तर धाकट्यानंही मारलं, त्याला दोन पोरं आहेत, मग औषधाचा काय संबंध? दोघांचंही खरं वाटतं, म्हणून इथं विचारतोय.

फवारणीचं सांगतो. नववीत असल्यापासून पंप पाठीवर आहे. त्या काळात एंडोसल्फान सर्रास मिळायचं, पुढं मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस. बोंडअळीच्या वर्षी तर दोन-तीन एकत्र कालवून मारलेली आहेत. पंपाचं झाकण गळायचं. पाणी पाठीवरून कमरेत आणि कमरेतून खाली. सकाळी भिजलेली पँट दुपारपर्यंत अंगावरच वाळायची, पुढच्या पंपाला परत भिजायची. नोजल तुंबलं की तोंडानं फुंकायचं. तंबाखूही आहे, खोटं कशाला बोलू.

कुणाला खात्रीनं माहीत असेल तर सांगा. धीर द्यायचा म्हणून काही लिहू नका.

काचपट्टी

दादा, मी लातूरला लॅबमध्ये आहे, अशा काचपट्ट्या रोज बघते. आधी एक सांगते : एका रिपोर्टवर कुणाचाच निकाल लागत नाही. एकाच माणसाचा काउंट दोन महिन्यांनी दुप्पट आलेला मी पाहिलाय आणि निम्मा झालेलाही.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यावर बाहेर येईपर्यंत आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे मार्चातला रिपोर्ट हा तुमच्या डिसेंबर-जानेवारीचा फोटो आहे. तेव्हा काय चाललं होतं आठवा. ताप आला होता का? नुसत्या जोराच्या तापानंही काउंट दोन-तीन महिने खाली जातो. तूर फवारली होती का?

दुसरी तपासणी करताना आधीच्या वीर्यपातापासून २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवा, कमी नको आणि जास्तही नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणायचा तर तासाभराच्या आत, आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला धरून. थंडीत मोटारसायकलच्या डिकीतून आणलेले नमुने आमच्याकडं येतात, त्यात अर्धे बिचारे गारठूनच थांबलेले असतात आणि माणूस मात्र "हालचाल नाही" असा शिक्का घेऊन घरी जातो.

आकड्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची रेघ मिलीलिटरला १ कोटी ६० लाख, पुढं सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के अशी आहे. ही रेघ मूल झालेल्या पुरुषांवरून काढलीय. तिच्या खाली असलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, वर असलं म्हणजे होणारच असंही नाही.

३८ लाख कमी आहेत, हे खरं. पण शून्य नाहीत. हा फरक फार मोठा आहे, दादा.

गोदाकाठ

मी सत्तरीला आलेला शेतकरी आहे. आमच्या वडिलांनी बीएचसी पावडर उघड्या हातांनी धुरळली, ज्वारीच्या कणगीत डीडीटी टाकली. आम्ही आठ भावंडं. औषधानं नपुंसक होत असते तर मराठवाडा कधीच रिकामा झाला असता. हल्लीच्या पोरांचं खाणं-पिणं, जागरणं आणि मोबाईल, हे बघा आधी.

काचपट्टी

काका, राग मानू नका, पण नपुंसक हा शब्द इथं लागूच होत नाही. संबंध ठेवता येणं वेगळं आणि शुक्राणूंची संख्या वेगळी. काउंट कमी असलेले बहुतेक पुरुष बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असतात. हे दोन एकच धरतो म्हणून तर गावात कुणी तपासणीला येत नाही. माझ्यासमोर माणसं नाव बदलून सांगतात, काका.

नांदेडच्या विज्ञानबाई

आईचं खरं की वडिलांचं, यावर माझं उत्तर दोघांचंही असं आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या. शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि हा विषय माझ्या घरातूनही गेलेला आहे.

आधी इतिहासातली एक गोष्ट. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाच्या गावी एका कारखान्यात डीबीसीपी बनत होतं. मुळांवरच्या सूत्रकृमींना मारणारं औषध, केळीच्या बागांत फार वापरलं जायचं. तिथल्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना बरीच वर्षं मूल झालेलं नाही. त्यांनीच तपासणीचा आग्रह धरला आणि कित्येकांचे शुक्राणू शून्य निघाले. बाकी तब्येत चांगली होती, कुणी आजारी नव्हतं. पुढं ज्यांचे नुसते कमी झाले होते त्यांच्यात काम सुटल्यावर बरीच सुधारणा झाली, पार शून्यावर गेलेल्यांपैकी अनेकांचे परत आलेच नाहीत. तेव्हा रसायनानं होतं का, याचं उत्तर मिळून आता जवळपास पन्नास वर्षं होतील.

आपल्या देशातलं उदाहरण केरळच्या कासारगोडचं. काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं विमानातून एंडोसल्फान फवारलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथली १० ते १९ वयाची मुलं तपासली. वयात येण्याची लक्षणं त्यांच्यात उशिरा दिसत होती. हे २००३ मध्ये छापून आलं. सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ ची. भाऊ, तुम्ही नववीत असताना पंप घेतलात, म्हणजे नेमक्या वयात येण्याच्या वर्षांत. तुमचे धाकटे भाऊ कितव्या वर्षापासून फवारतात?

आता जनुकांकडं येते. क्लोरपायरीफॉससारखं औषध शरीरात गेलं की यकृत आधी त्याला जास्त विषारी रूप देतं आणि मग ते मोडायला काढतं. मोडणारं एक विकर (एन्झाइम) आहे, पॅराऑक्सोनेज. ते ज्या जनुकावरून बनतं त्याचं नाव पॉन१. हे जनुक सगळ्यांत असतं, पण सगळ्यांत सारखं नसतं. दोन माणसांच्या रक्तातल्या या विकराच्या कामात दहापटीचा आणि त्याहूनही जास्त फरक सापडतो. दुसरं जनुक जीएसटीएम१. विष बांधून शरीराबाहेर घालवणाऱ्या विकरांपैकी एक त्यावरून बनतं, आणि कितीतरी निरोगी माणसांत हे अख्खं जनुकच गायब असतं. एरवी त्यांचं काही अडत नाही. धूर, तंबाखू, औषध यांचा मारा सुरू झाला की मग त्याची उणीव भासू लागते.

सख्खे भाऊ झाले तरी त्यांची सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात. एकाच बांधावर एकच पंप मारणाऱ्या दोन भावांत एकाचं शरीर विष लवकर मोडतं, दुसऱ्याचं हळू. म्हणून धाकट्याला दोन पोरं आहेत यावरून औषध निर्दोष ठरत नाही. काका, तुमच्या आठ भावंडांचं उत्तरही यातच आहे. आणि त्याच काळात गावात निपुत्रिक म्हणून ओळखली जाणारी घरंही होतीच, त्यांना कुणी मोजलं नाही. सगळा दोष त्या घरातल्या बाईच्या माथी गेला.

आता "घराण्यात कुणालाच नाही" याबद्दल. वाय गुणसूत्रावर शुक्राणू बनवण्याचे काही तुकडे असतात, त्यांना एझेडएफ म्हणतात, त्यातला एखादा तुटलेला असू शकतो. ही तूट बहुतेक वेळा त्या माणसातच नव्यानं झालेली असते, वडिलांना काहीच नसतं. क्लाइनफेल्टरमध्ये एक एक्स गुणसूत्र जास्त असतं, साधारण सहाशे मुलग्यांत एकाला, आणि बऱ्याच जणांना ते मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं. काही जनुकं एक्सवर असतात, जसं टेक्स११. ती आईकडून येतात. (आईला दोष देऊ नका म्हणून मुद्दाम लिहिते : कुठलं एक्स मुलाला द्यायचं हे तिच्या हातात नसतं.)

आणि आपल्याकडची एक गोष्ट उघड बोलायला हवी. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न ही चालत आलेली रीत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लेकरांत साधारण सोळावा हिस्सा जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. लपून राहिलेला दोष अशा वेळी दोन्ही बाजूंनी भेटतो. शुक्राणूंची डोकी गोल राहणं, ती अंड्यात शिरू न शकणं, हा त्यातलाच एक प्रकार, डीपीवाय१९एल२ या जनुकाचा.

भाऊ, काउंट ५० लाखांच्या खाली असला की डॉक्टर गुणसूत्रांची आणि वायच्या तुकड्यांची तपासणी करायला सांगतात. ती करून घ्या. तूट निघालीच तर एक महत्त्वाचं : पुढं इक्सीनं (लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडतात, त्या पद्धतीनं) मुलगा झाला तर तीच तूट त्याच्याकडं जाते. ते आधी माहीत असलेलं बरं.

भट्टीवाला जालना

मी सळईच्या कारखान्यात भट्टीवर आहे, अकरा वर्षं. बाई, उष्णतेचं राहिलं. आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते उगीच नाही, त्यांना अंगापेक्षा दोन ते चार अंश थंड लागतं. आम्ही आठ तास भट्टीसमोर, वर जाड पँट, बाहेर मे महिन्याचं ४३. माझा पहिला रिपोर्ट वाईट होता. साहेबांना सांगून आठ महिने गोदामात बदली घेतली. पगार कमी झाला. रिपोर्ट सुधारला, मुलगी झाली, आता पाच वर्षांची आहे. परत भट्टीवर गेलो कारण गोदामाच्या पगारात भागत नाही.

औषधाचं मला माहीत नाही, पण अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का ते बघून घ्या. व्हेरिकोसील म्हणतात. मला ते नव्हतं, सोबतच्या दोघांना निघालं.

काचपट्टी

बरोबर बोललात भाऊ. सर्वसाधारण पुरुषांत शंभरात पंधरांना व्हेरिकोसील असतं, मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत पस्तीस-चाळीसांना. उभं राहून तपासावं लागतं, झोपवून चुकतं. बरी होण्यासारख्या कारणांत हे वरचं.

आणि कापूसवाले दादा, तुमच्या त्या भिजलेल्या पँटचं वाचून झोप लागली नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत स्वयंसेवकांच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी पॅराथिऑन लावून किती आत जातं ते मोजलं होतं. अंडकोषाच्या कातडीतून ते कोपर ते मनगट एवढ्या हाताच्या मानानं जवळपास अकरा-बारापट जास्त आत गेलं. आपण तोंडाला रुमाल बांधतो आणि समजतो झाली काळजी. तिकडं पंप कमरेत गळत असतो.

वाळूज पाळी दोन

गाडीच्या सुट्या भागांच्या रंगकामात आहे. रंगातलं थिनर, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं, यांनीही होतं. एवढंच सांगायचं होतं. आणि जिममध्ये देतात ती टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कुणी ताकद म्हणून घेऊ नका. बाहेरून मिळालं की शरीर आतलं बनवणं थांबवतं आणि शुक्राणूच बंद होतात. माझ्या मित्राचे झाले. रस्त्याकडेला तंबूत मिळणाऱ्या भस्मांच्या पुड्यांचंही तसंच, त्यात शिसं-पारा काय आहे कुणी बघितलंय?

अंबाजोगाईची लेक

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझ्या लग्नानंतर सहा वर्षं मीच तपासले गेले. नळ्यांच्या तपासणीत रंग सोडतात तेव्हा जी कळ येते ती ज्या बाईनं सोसलीय तिलाच माहीत. सहा वर्षं जावेच्या डोहाळजेवणाला मला मागच्या खोलीत भाकरी थापायला बसवायचे. यांची तपासणी करायचं मी एकदा म्हटलं तर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी तपासणी झाली. डबी, अर्धा तास, काही शे रुपये. यांच्यात शुक्राणू शून्य. वाट जन्मापासूनच बंद, शुक्रवाहिन्याच नव्हत्या. सीएफटीआर नावाच्या जनुकामुळं होतं म्हणाले. मग माझीही त्याच जनुकाची तपासणी झाली, कारण दोघांत असेल तर लेकराला फुप्फुसाचा मोठा आजार होऊ शकतो. माझ्यात नव्हतं. सुईनं शुक्राणू काढून इक्सी केली. मुलगा आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गेला, समिती नेमली. बाईच्या पोटात हात घालायला इथं कुणाला वेळ लागत नाही. पुरुषाची एक डबी मात्र सात वर्षं लांबते. कापूसवाले भाऊ, तुमच्यावर राग नाही. तुम्ही लिहिलंत हेच खूप झालं. पण वहिनींना एकदा तुमच्या तोंडानं सांगा, सगळ्यांसमोर.

गोदाकाठ

विज्ञानबाई, तुमचं दोनदा वाचलं. आमच्या गल्लीत एक काकू होत्या, त्यांना हळदी-कुंकवाला कुणी बोलवत नसे. त्यांचे यजमान जिनिंगमध्ये गोदामावर पावडर मारायचे. आज पहिल्यांदा या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या. मी वर लिहिलेला शब्द चुकीचा होता.

सेलूचा कापूसवाला

सगळ्यांना नमस्कार. एप्रिलात लिहिलं होतं, आता दसरा झाला. कळवायचं राहिलं होतं.

काचपट्टी ताई, डिसेंबरात तुरीवर अळीसाठी तीन फवारण्या केल्या होत्या. ताप नव्हता. विज्ञानबाई, धाकटा दहावीपासून लातूरला वसतिगृहात होता, एकविसाव्या वर्षी शेतात आला. त्याच्यासाठी एंडोसल्फान कधी आलंच नाही. आणि हो, आई म्हणजे वडिलांच्या मामाचीच मुलगी.

गुणसूत्रांचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला, ४६ एक्सवाय, चांगला. वायचे तुकडे शाबूत. डाव्या बाजूला शिरा फुगलेल्या निघाल्या, जूनमध्ये ऑपरेशन केलं. तंबाखू मेपासून बंद आहे, दोनदा मोडली, परत धरली. या हंगामात पंप उचललेला नाही. परवाचा रिपोर्ट : १ कोटी २० लाख, पुढं सरकणारे २६.

यातलं कशामुळं वाढलं ते डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत म्हणाल्या, सगळंच एकदम केलं ना. बायकोला अजून दिवस गेलेले नाहीत, पण सहा महिने वाट बघू म्हणाल्या.

ताई, तुम्ही सांगितलं तसं पोळ्याच्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना सांगितलं. "तिच्यात कधीच काही नव्हतं, कमी माझ्यात होतं." आई काही बोलली नाही. रात्री बायकोच्या ताटात तिनं स्वतः पुरणपोळी वाढली, तुपाची वाटी कलती करून.

अंबाजोगाईची लेक

वाचून डोळ्यांत पाणी आलं भाऊ. एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पंप उचलला नाहीत. कापूस तर उभा आहे. मग पंप कुणाच्या पाठीवर आहे?

सेलूचा कापूसवाला

तुमचा प्रश्न दोन दिवस तसाच ठेवला होता, ताई.

सालगड्याचा पोरगा मारायलाय. एकोणीस वर्षांचा आहे, दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलंय.

काल त्याला थांबवलं आणि पंप उलटा करून बघितला. झाकणाचा वायसर चिरलेला, तोच, माझ्या वेळचा. मोंढ्यातून नवीन आणला, पट्टेही बदलले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत रेक्झिनचा पडदा शिवून घेतला, मागून पुढून दोन्हीकडून. लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यांत जहाल विषाची, बाटली आता आणायची नाही असं धाकट्याशी बोललोय, तो कृषी सहायकाला विचारून पर्याय बघतोय. कालवायचं काम मी काठीनं करतो, हातमोजे घालून. पण रबरी मोज्यात घाम इतका सुटतो की पोरगं अर्ध्या तासात काढून टाकतं. कुणाला टिकणारे माहीत असतील तर सांगा.

वाळूज पाळी दोन

नायट्राइलचे घ्या, लांब बाह्यांचे, आमच्याकडं रंगकामाला तेच असतात. आत सुती मोजा घालायला सांगा, घाम तो पितो. दोन जोड ठेवा, एक वाळत टाकायला. आणि मोजे काढायच्या आधी वरूनच साबणानं धुवायचे, नाहीतर काढताना सगळं बोटांना लागतं.

काचपट्टी

त्या पोराला लग्नाआधी एकदा लॅबला पाठवा दादा. माझ्याकडं पाठवलंत तरी चालेल, नाव मी विचारणार नाही.